विट्वे, व्यूदा, वेदोवा आणि आई

प्रिय अण्णा,

"विधवा शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, एकटी पडलेली. यात बांगड्यांचं काहीच न्हाई." आत्याच्या यजमानांच्या दहाव्याहून परतल्यावर तुम्ही मला हे सांगितलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. आज लिहितेय, कारण उद्या तुमचा दहावा आहे.

सेनगावच्या शाळेत तुम्ही शिकवायचात इंग्रजी, पण शब्द हुडकत फिरायचात सगळ्या युरोपात. त्या दिवशी चपला काढून थेट कोशांकडे गेलात. पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकेवर ओळ उतरली: लॅटिन विदुआ, इंग्रजी विडो, जर्मन विट्वे, स्पॅनिश व्यूदा, इटालियन वेदोवा, रशियन व्दोवा. शेवटी आपली विधवा. एकाच घरच्या लेकी, म्हणालात. इंग्रजी-जर्मनमध्ये बाईच्याच शब्दाला शेपूट जोडून पुरुषाचा शब्द केला, याचं तुम्हाला केवढं हसू आलं!

मीही हसले. आत्याच्या मोकळ्या हातांबद्दल काही विचारलं का मी? नाही.

काल आईपाशी विषय काढला. बांगड्या राहू दे म्हटलं, दहाव्याला त्या फोडायची ही रीत अण्णांना पटत नव्हती. आत्या पिंडासाठी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माह्या फोडल्या तवा तुझा बाप दारातच उभा व्हता, पोरी. तवा काहून न्हाई बोलला?"

आईनं हात पदराखाली घेतले. "वन्संच्या गेल्या, मग माझ्याच काहून ठिवू? मला तर ते कधी काहीच म्हणले न्हाईत."

खरं आहे का हे, अण्णा? इतक्या देशांतून शब्द आणलात आणि स्वयंपाकघरापर्यंत नाही नेलात?

आईला कोश पटणार नाहीत, कावळा पटेल. उद्या कयाधू नदीच्या काठी पिंड ठेवतील. कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली म्हणून घरचे वचन देतील; त्यावर शिवला, की तीच इच्छा होती असं मानतील. बायांनी तिथं जाऊ नये म्हणतात. मी येणार आहे. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगणार आहे की आईच्या बांगड्या फुटणार नाहीत. हा माझा शब्द.

पण कावळा त्याआधीच शिवला, तर माझं कोण ऐकेल? म्हणून मागते, मी बोलेपर्यंत त्याला अडवून धरा. तुम्ही नाहीच म्हणाल. कावळा भुकेनं येतो, असं वर्गावर्गांत शिकवलंत तुम्ही. तरी मागते.

तुमची,
सुमन