चार नंबरच्या बोर्डावरची मुलगी

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. तब्येत विचारत नाही. काल पाऊण तास उभ्याने भाषण ठोकलंस, म्हणजे ठणठणीत आहेस.

सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या भिंतीवरचा पडदा ओढलास. क्रांतीच्या धामधुमीत हकनाक मेलेल्या साध्या माणसांचं शिल्प. पाववाला, शिंपीण, शाळेचा शिपाई आणि कानाला हेडफोन लावलेली ऑपरेटर. त्या ऑपरेटरला माझं तोंड आहे. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती कोवळी होती हो." मी म्हटलं, "होती खरी. आता गुडघे दुखतात."

मेली ती आपली धाकटी बहीण. एवढं स्मारक समितीच्या अध्यक्षाला, तिच्या सख्ख्या भावाला, आठवू नये?

दुपारी शिल्पकाराला गाठलं. बिचाऱ्याने कागद काढून दाखवले. त्या दिवसाचं ड्युटी रजिस्टर, आणि चार नंबरच्या बोर्डासमोर जिचं नाव, तिच्या फायलीतला फोटो. नाव माझंच. धाकटीही तिथेच कामाला, आणि आम्ही मुली ड्युटी आपसात बदलायचो. रजिस्टरात खाडाखोड चालत नसे.

मग तो म्हणाला, "मातीचा नमुना तुमच्या भावांना दाखवला होता. बराच वेळ पाहत बसले. म्हणाले, असू दे."

म्हणजे तू ओळखलंस.

बावीस वर्षं तू माझ्या घरी आला नाहीस आणि मी कारण विचारलं नाही. आता सांगूनच टाकते. डोकं दुखत होतं म्हणून धाकटी माझ्या जागी गेली, असं मी सगळ्यांना सांगत आले. डोकं दुखत नव्हतं. आदल्या दुपारी मीच एक कॉल जोडला आणि लाइनवर राहिले. पलीकडून आवाज आला, "उद्या दहाला एक्स्चेंज ताब्यात घ्या. आत कोणी का असेना." ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही अशी आमची शपथ होती, आणि शपथ मोडायची नाही हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडीने शिकवलेलं. फार सोयीची शपथ. ती पाळली आणि बहिणीला पाठवलं. वाटलं, मुलींना घरी सोडतील. नाही, हेही खोटं. काहीच वाटलं नाही. मला जायचं नव्हतं, बस.

निघताना तिने माझा निळा स्वेटर मागितला. मी म्हटलं, मळवशील.

त्या भिंतीवरच्या कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यात तू मला उभं केलंस. मला झाकायला केलंस की शिक्षा म्हणून, कळत नाही. शिक्षा असेल तर तसं स्पष्ट लिही, मी रोज जाऊन समोर उभी राहीन. पण दगडात तिचा चेहरा हवा. तिचा शाळेतला फोटो सोबत जोडला आहे. माझ्याकडे हा एकच होता.

फोन करू नकोस. शुक्रवार, २४ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. चेहरा बदलणार की नाही, आणि माझं हे खोटं तुला कधी कळलं. आई शेवटपर्यंत माझ्याच हातून औषध घेत होती. तिला तू सांगितलं होतंस का, तेवढं सगळ्यात आधी लिही.

तुझी उरलेली बहीण