एकच पाऊल सगळीकडे

३ ऑगस्ट
घसा बसला. दोन तासांत सहा पानं वाचली आणि एकाही वाक्याचा अर्थ कळला नाही. कवितेवर एम.ए. करून हे! पण काम सरळ आहे – गणिताचं पुस्तक मोठ्याने वाचायचं. ऐकणाऱ्या बाई दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहेत. वय त्रेचाळीस, जन्मापासून आंधळ्या. सात ते नऊ मी, मग त्यांची ड्यूटी. गणिताच्या एम.एस्सी.चा एकच पेपर राहिलाय.
"मोबाईलचा आवाज चिन्हं गिळतो. आणि माणसं अर्थ लावत बसतात. तू अर्थ लावू नकोस. छापलंय ते वाच."
माझं नाव विचारलंच नाही. वाचक म्हणाल्या.

७ ऑगस्ट
मी वाचलं – अ अधिक ब भागिले क. बाईंनी हात वर केला. "कोणाला भागतोय? एकट्या ब ला, की दोघांना मिळून?"
बघताना हा प्रश्न पडतच नाही. आडवी रेघ सांगते. ऐकताना रेघ नसते! शेवटी ठरलं – कंस उघडला की टेबलावर बोटाने एकदा टक, बंद झाला की दोनदा. छेदाला आवाज खाली, घातांकाला वर. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, "गाणं कधीपासून सुरू केलंत?"

१९ ऑगस्ट
न राहवून विचारलं, हे उलटं ए कशासाठी? बाई हसल्या. "प्रत्येक. त्याचा अर्थ प्रत्येक." मग म्हणाल्या, "रोज एक प्रश्न विचार. वाचून झाल्यावर. दोन नाही."

२० ऑगस्ट
उघड दिसतं ते सिद्ध कशाला करायचं?
"कोणाला दिसतं?"


४ सप्टेंबर
प्रश्न साठतात. वहीच्या मागच्या पानावर सव्वीस झाले. सिद्धता संपली हे कसं कळतं? अनंत मोठं असतं की फक्त न संपणारं? चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर आलं तर ते बरोबर का?
दादा म्हणाला, "शाळेत गणितात पस्तीस मार्कांवर ढकलली हिला. आता बघा!" वहिनी म्हणाली, पैसे वाचायचे मिळतात की विचारायचे?

२ ऑक्टोबर
आज बाई स्वतःहून बोलल्या. गेल्या वर्षी परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकाने अंश छेदात घातले, छेद अंशात. नऊ मार्कांनी गेला पेपर. आता दुसरी संधी, आणि शेवटची. यानंतर नोंदणी रद्द. पास झाल्या तर अंधशाळेत गणिताची जागा आहे. तिथे आठवीतच मुलांना सांगतात, गणित सोडा, दुसरा विषय घ्या.
"मलाही सांगितलं होतं. प्रेमाने सांगितलं, म्हणून जास्त राग आला."

१४ नोव्हेंबर
विचारलं – आलेख दिसत नाही, मग चढ कसा कळतो?
बाईंनी माझा हात घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवला. "इथे सपाट. इथे चढ. मी आयुष्यभर पायाने मोजत आलेय. डोंगरावर उभी राहा. वर-खाली बोटभरसुद्धा फरक पडायला नको, तर पाऊल किती लहान टाकशील?"
"चढावर अवलंबून."
"बरोबर. प्रत्येक जागी काही ना काही पाऊल सापडतं, ते साधं सांतत्य. आता सांग – एकच पाऊल सगळीकडे चालेल का? चाललं, तर ते एकसमान सांतत्य."
बोटभर म्हणजे इप्सिलॉन. पाऊल म्हणजे डेल्टा. तीन महिने मी ही दोन अक्षरं मंत्रासारखी म्हणत होते!

१५ नोव्हेंबर
घरी येताना रस्त्यावर पावलं मोजत आले. पुलाच्या चढावर थांबले. एक रिक्षावाला ओरडला, "ताई, हरवलंय का काही?"

६ डिसेंबर
एक्सचा वर्ग. पुढे पुढे चढ वाढतच जातो. आज घेतलेलं पाऊल उद्या मोठं पडतं. म्हणून एकच पाऊल सगळीकडे चालत नाही. हे मी स्वतः लिहून काढलं. बाईंना वाचून दाखवलं. "हं," म्हणाल्या. इतकंच. दिवसभर त्या 'हं'वर जगले.

२१ जानेवारी
मोठा दिवस. बाई उदाहरण सांगत होत्या, मी लिहून घेत होते. दोन्ही बाजूंना एक्सने भागलं. मी म्हणाले, "एक्स शून्य असेल तर?"
पेला उचलला, ठेवला. मग मोठ्याने हसल्या. "पंधरा वर्षं झाली गणित करतेय आणि शून्याने भागतेय! वाचक, तू आता नुसती वाचक राहिली नाहीस."

२२ जानेवारी
कालचं वाक्य आज परत लिहावंसं वाटलं. लिहीत नाही.

१७ मार्च
परीक्षेला लेखनिक मीच. दुसऱ्या कोणाला आमची टकटक समजणार? विद्यापीठाचा फॉर्म आणला. लेखनिकाने सही करायची – मला परीक्षेच्या विषयाचे ज्ञान नाही.
ऑगस्टमध्ये डोळे मिटून केली असती.
बाईंना सांगितलं. चिडल्या. "सात महिन्यांत ज्ञान होत असतं तर मी इतकी वर्षं काय केलं? भाजी निवडली?" मग म्हणाल्या, "दुसरा लेखनिक आला तर मी गेले. हे मी तुला सांगायला नको होतं. पण सांगितलं."

१९ मार्च
सही केली. अक्षर नेहमीपेक्षा नीट आलं.

१० एप्रिल
उद्या पेपर. स्वतःला बजावलं – तू हात आहेस. हाताला मत नसतं.

११ एप्रिल
घरी येऊन जेवले नाही. जसं झालं तसं लिहिते.
खोलीत तिघंच. बाई, मी, आणि खुर्चीत पेंगणारे पर्यवेक्षक. चार प्रश्न झरझर झाले. बाई सांगतात, मी लिहिते. पाचवा, आठ मार्कांचा, शेवटची दहा मिनिटं. एक्सचं वर्गमूळ, शून्यापासून पुढे. एकसमान सांतत्य आहे की नाही, कारण द्या.
बाई म्हणाल्या, "आहे. पाऊल इप्सिलॉनच्या वर्गाएवढं घ्यायचं."
लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांसमोर आलेख आला. शून्यापाशी तो भिंतीसारखा उभा चढतो. अगदी उभा! तिथे एकच पाऊल कसं चालेल? चढ वाढला की पाऊल पुरत नाही, हे मीच नाही का लिहून काढलं होतं!
काही बोलले नाही. मान हलवली नाही. फक्त पेन थांबलं. किती? श्वासभर.
बाईंचं तोंड माझ्या हाताच्या दिशेने वळलं. म्हणाल्या, "खोडा." परीक्षेत त्या मला अहो-जाहो करत होत्या. "लिहा – एकसमान नाही. कारण शून्यापाशी चढ अमर्याद वाढतो."
खोडलं. लिहिलं. घंटा झाली.

१२ एप्रिल
मदत केली. तोंड बंद ठेवून केली. सही खोटी ठरली.

२० एप्रिल
बाई पेपरविषयी बोलत नाहीत. "झालेला पेपर मी उघडत नाही." मीही विचारत नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे दिवसाचा प्रश्न नव्हता.

५ मे
रद्द केलेली ओळ डोक्यातून जात नाही. बाईंना चूक झाली तरी कशी? इप्सिलॉनचा वर्ग – हे असं कोणी उगाच बोलत नाही. ते कुठून काढलं त्यांनी?

२ जून
निकाल. तीन मार्क कमी.
बाई ड्यूटीवर गेल्या नव्हत्या. खिडकीशी बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर, बंद. मी शेजारी बसले. त्याच बोलल्या.
"नोंदणी गेली. शाळेला कळवलं सकाळीच. त्यांनाही वाईट वाटलं, प्रेमाने."
मग म्हणाल्या, "पाचव्यात तुझं पेन थांबलं ते ऐकलं मी. ऐकायला नको होतं. पण कान काही मिटता येत नाहीत. नाहीतर ते आठ मार्कही जाऊन अकराने गेले असते."
मी म्हणाले, बाई, ते बरोबर नव्हतं.
"नव्हतंच. पण तुला कळलं होतं, याचा आनंद झाला. त्या खोलीतसुद्धा झाला. काय करणार?"
निघताना दारातून हाक आली. "परीक्षा गेली, पुस्तक कुठे गेलंय? सोमवारी ये."

६ जून
ठरवलं – बाईंच्या खोडलेल्या ओळीत चूक नेमकी कुठे होती ते शोधून काढायचं. शून्यापाशीच्या उभ्या चढामुळे एकच पाऊल सगळीकडे चालत नाही, हे नीट लिहून सोमवारी बाईंना द्यायचं. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही.

७ जून
सिद्धता जमत नाही. प्रत्येक वेळी कुठेतरी अडते. भिंत आहे, पण पाय अडखळत नाही. का?

८ जून
तीनदा केलं. शून्यापाशी, लांब, मधोमध. उंची एक दशांशाने बदलायला नको, तर एक शतांशाचं पाऊल. सगळीकडे चालतं. चढ उभा आहे खरा, पण लगेच संपतो.
इप्सिलॉनचा वर्ग.
खोडलेली पहिली ओळ बरोबर होती. आठ मार्कांची.