हद्दीचा मुद्दा

१२ जानेवारी
नोटीस आली. सिनेमा कंपनीच्या वकिलाची, थेट दिल्लीच्या कोर्टातून. नवा सिनेमा नेटवर फुकट वाटल्याबद्दल. नाव सासऱ्यांचं, केरूमामांचं, कारण ब्रॉडबँड त्यांच्या नावावर. सिनेमे अर्थात मी वाटतो. ‘सातपूर सिनेमा कट्टा’ ग्रुपचा अ‍ॅडमिन. समाजसेवा. मामांनी विचारलं, हे काय? म्हणालो, हॅकर असेल.
संकल्प: अपलोड बंद. कायमचे.

१४ जानेवारी
संक्रांत. ग्रुपवर सगळे फार गोड बोलत होते. एकच टाकला.

१७ जानेवारी
मामा धड जेवत नाहीत. बायको वैष्णवी म्हणते, आप्पांना, म्हणजे मामांना, खरं सांगा, नाहीतर मी माहेरी जाते. माहेर म्हणजे खालचा मजला. जिना एकच. कुठं तोंड लपवायचं?

१९ जानेवारी
कायदा समजला. माझी बाइक चोरीला गेली तेव्हा दोन चौक्यांनी ‘आमची हद्द नाही’ म्हणत मला दमेस्तोवर फिरवलं होतं. तेच हत्यार. कंपनी चेन्नईची, सर्व्हर हॉलंडला, मी नाशिकला. दिल्लीचा संबंध काय? वकील कशाला हवा?

२४ जानेवारी
उत्तर स्वतःच लिहिलं. सदर अपलोड पूर्णपणे सातपूर, नाशिक येथे, वरच्या मजल्यावर, माझ्याच लॅपटॉपवरून झाले असल्याने दिल्लीस अधिकार नाही. खाली ठसठशीत सही. मामांना वाचून दाखवलं. हॅकरचं त्यांनी काही विचारलं नाही. मोठ्या मनाचा माणूस.
म्हणाले, जावईबापू, पुरावा जोडा. निफाडला शेतात ड्रिपच्या सबसिडीला लोकेशनचा फोटो नसला तर साहेब मानत नाय. स्वतः मोबाइल घेऊन वर आले. मी लॅपटॉपपुढे बसलो, खरं वाटावं म्हणून सिनेमा अपलोडला लावला. कोपऱ्यात तारीख, वेळ, नकाशा. झकास आला. पोस्टात टाकायलाही मामाच गेले. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

११ मार्च
जिंकलो! हद्दीचा मुद्दा कंपनीला मान्य. दिल्लीची केस मागे. ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला.

१२ मार्च
वैष्णवीने कागद शेवटपर्यंत वाचून दाखवला. केस आता नाशिकच्या कोर्टात. मामांचं नाव वगळलं, माझं घातलं. पहिला पुरावा माझाच फोटो. दिल्ली लांब पडते, हे तारखेला न जाण्याचं कारण राखून ठेवलं होतं, तेही गेलं. भीती वाटते.
मामा म्हणाले, तारखेला मी सोडतो गाडीवर, भाजीला तिकडंच जातो. आता खाली निवांत घोरतायत. वरपर्यंत ऐकू येतंय.