पितळ, बाभूळ आणि फत्तेसिंगांचा पाइप

१२ नोव्हेंबर, बुधवार. सारंगखेडा

आमची पोर भूमिका आता रीतसर घोड्यांची डॉक्टर झाली. सुरतेकडे फत्तेसिंगांचा मोठा स्टड फार्म आहे, ते इथल्या घोड्यांच्या यात्रेत येतील तेव्हा तिची मुलाखत घेणार आहेत. पोरीला वाटतं, नोकरी अभ्यासावर मिळते. मिळते इम्प्रेशनवर. आणि ते करायला बाप आहे.

फत्तेसिंग पाइप ओढतात. गेल्या यात्रेत ते पाइपातला तंबाखू जीपच्या चावीने दाबत होते. एवढा मोठा माणूस, आणि चावी! त्यांना हँडमेड टँपर भेट द्यायचा. टँपर म्हणजे तंबाखू दाबायचा दट्ट्या. वर बाभळीची मूठ, खाली पितळेचं बूड, मध्ये गम. एका संध्याकाळचं काम.

केळीची बाग माझा धाकटा भाऊ मिथुन बघतो. मी प्लॅनिंग बघतो.

१४ नोव्हेंबर

काल नंदुरबारहून पितळी गजाचे तुकडे कापून आणले. मूठ स्वतः तासली. किंचित वाकडी आहे, पण हँडमेड वस्तूत ते अपेक्षितच असतं. सुताराचा पांढरा गम लावून ठेवला.

आज सकाळी उचलला तर मूठ हातात, बूड टेबलावर. गम भेसळीचा असणार. मिथुन म्हणाला, भोक पाडून आत स्क्रू घाल. स्क्रू म्हणजे गमवर अविश्वास. नाही म्हणून सांगितलं.

१७ नोव्हेंबर, दुपार

झटपट चिकटणारा गम आणला. प्रचंड स्ट्राँग. अंगठा पितळेला चिकटला. बायकोने, मोहिनीने, साबणाच्या कोमट पाण्यात हात बुडवून सोडवला, तोवर पिठलं करपलं.

पितळ लाकडाला मात्र घट्ट बसलं. मग टँपर टेबलावरून खाली पडला आणि पितळ सुटलं. टेबल जरा उंचच आहे आमचं.

२० नोव्हेंबर

दोन ट्यूबवाला गम आणला: रेझिन आणि हार्डनर. मोहिनीने पाकिटावरचं वाचून दाखवलं. दोन्ही समान घ्या, धातू कानशीने खरवडा, तेलकटपणा पुसा, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. हे सगळं नवशिक्यांसाठी लिहिलेलं असतं.

मी पितळ घासून आरशासारखं केलं. लाकडाला दोनदा तेल पाजलं, चमक यावी म्हणून. हार्डनर दुप्पट घातला. जेवढं हार्डनर, तेवढं हार्ड.

२१ नोव्हेंबर

जोड अजून चिकट आहे. बोटाने ढकललं तर बूड हळूच सरकतं. याला फ्लेक्सिबल जॉइंट म्हणता येईल.

भूमिका पुस्तकं पसरून बसली होती. वर न बघता म्हणाली, पप्पा, हे तिथे आणू नका, प्लीज. टेन्शनमध्ये आहे बिचारी.

३० नोव्हेंबर, रविवार

बरेच टँपर वाया गेले. वाया म्हणजे प्रॅक्टिस. शेवटचा मात्र जमला. ओढून पाहिला, सुटला नाही. आईला दाखवला. तिने उलटासुलटा करून तिच्या अहिराणीत विचारलं, "धर्मा, हाई काय शे?" सांगितलं. तिने परत दिला आणि लसूण सोलायला बसली.

मिथुन म्हणे, पाइप आत तापतो, तो गम उष्णतेत टिकेल का? काही लोकांना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

५ डिसेंबर, संध्याकाळ

यात्रा. सविस्तर लिहिणार नाही.

थोडक्यात लिहितो. फत्तेसिंगांच्या पांढऱ्या घोडीचा पाय दुखत होता. भूमिका खाली बसून तिचा खूर मांडीवर घेऊन तपासत होती. तीच तिची मुलाखत, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. फत्तेसिंग पाइप ओढत उभे. चावी काढणार, एवढ्यात मी पुढे झालो आणि टँपर दिला. त्यांनी नीट पाहिला, वा म्हणाले. दाबला. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा नुसती मूठ वर आली.

पितळ आतच. मग जळक्या प्लॅस्टिकसारखा वास. फत्तेसिंग खोकले, खोकतच राहिले. पाइप उलटा करून बुटावर आपटला, बूड निखाऱ्यासकट घोडीपुढे पडलं. घोडी बिथरली. माणसं मागे सरली, मीही सरलो. भूमिका सरली नाही. खूर तसाच धरून ती घोडीशी हळू आवाजात बोलत राहिली. घोडी शांत झाली.

फत्तेसिंगांनी डोळे पुसले. माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, हे कोण?

मला वाटलं, आता ही म्हणणार, माहीत नाही. म्हणाली असती तर मी गर्दीत निघून गेलो असतो.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली, आणि परत खुराकडे बघू लागली.



९ डिसेंबर, मंगळवार

नोकरी मिळाली!

इम्प्रेशन पडतंच. गल्लीत पेढे वाटताना सगळ्यांना टँपरचं सांगितलं. खोकल्याचं गाळलं, ते टेक्निकल आहे. मोहिनी मागून म्हणाली की खुरात खोल घुसलेला खिळा पोरीने शोधला, आधी दोन डॉक्टरांना सापडला नव्हता. असेल. तेही एक कारण असेल.

२८ डिसेंबर

भूमिकाचा फोन. क्वार्टर मिळालं, घोडी बरी होऊन पळायला लागली, सगळे चांगले आहेत. मी म्हटलं, साहेबांसाठी सुधारित मॉडेल घेऊन येतो. पलीकडे बराच वेळ शांतता. नेटवर्क.

मग म्हणाली, "पप्पा, या. नक्की या. फक्त हात रिकामे ठेवून या."

विचार केला आणि ठरवलं. रिकाम्या हाताने जायचं. पोर बोलावते आहे, यात सगळं आलं. आईला सांगितलं, मंगळवारी निघतो, सोबत काही नेत नाही.

आई म्हणाली, "मंग पोरनी नोकरी टिकी."