वरची फळी

शनिवार, ९ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो आणि खोलीतल्या पार्टनरशी अजून भांडलेलो नाही. तुझे नेहमीचे प्रश्न संपले. हे पत्र दादाला आपणहून दाखवू नकोस, पण त्यानं मागितलं तर नाही म्हणू नकोस. कॉलेज सोडल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही, माझी पत्रं मात्र वाचतो, हे मला ठाऊक आहे.

काम जोरात आहे. रंगाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर घरं उभी राहतायत. ज्यांना घर विकत घेणं जमत नाही, त्यांना ती कमी भाड्यानं मिळणार. आमच्या आर्किटेक्ट बाई घरं आखतात, मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढतो. वर्षभर नुसती रंगानं विषारी झालेली माती उपसली. खड्ड्यात साचलेलं पाणी कधी निळं, कधी जांभळं. नवी माती टाकली तरी तळमजल्यावर कुणाला झोपवायचं नाही असं ठरलं, म्हणून घरं पहिल्या मजल्यापासून. मी भर मीटिंगमध्ये ओरडलो, "मग व्हीलचेअरवाल्यांनी काय उडत जायचं?" बाई म्हणाल्या, "दोन लिफ्ट आहेत. एक बंद पडली तर दुसरी. आता खाली बस."

बसलो.

कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही एक घर प्लायचं उभं केलंय, खऱ्या मापाचं. राहायला येणाऱ्यांनी त्यात फिरायचं, अडेल तिथे सांगायचं, आम्ही कापायचं. हे एकदा पास झालं की याच मापानं सगळी घरं.

त्यासाठी ती येते, इथे घर मिळणाऱ्यांपैकी एक. शिवणकाम करते, व्हीलचेअर वापरते. मागच्या पत्रात तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं. त्याच्या आधीच्या पत्रातही नाही. भाऊ-भावजयीकडे दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. भाऊ तिला पाठीवर घेऊन उतरवतो, मग वर जाऊन खुर्ची आणतो. तिनं मोरीचं दार दोनदा बदलायला लावलं, आणि ओट्याखाली गुडघे जात नाहीत म्हणून आमच्या सुतारकाकांना असं काही सुनावलं की ते अजून तिला मास्तरीणबाई म्हणतात.

बाई बाहेरगावी होत्या तेव्हा मी नकाशात ओट्याच्या वर एक लांब फळी काढली. काकांनी ठोकली. परत आल्यावर बाईंनीही ती चालवून घेतली. परवा ती आली, मान वर करून बघत राहिली.

"ही कोणासाठी?"

"डबे वगैरे ठेवायला."

"काढणार कोण?"

"घरात कोणीतरी असेलच ना."

"कोण?"

वहिनी, त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "मी उंच आहे."

काका हसले. ती हसली नाही.

"मी इथे एकटी राहायला येतेय," ती म्हणाली. "कोणी आलंच तर तो पाहुणा. पाहुण्याच्या उंचीनं घर बांधतात का?"

माझं डोकंच फिरलं. प्लायच्या भिंतीला लाथ घातली, भोक पडलं. "तुझ्यासाठीच तर केलं होतं!" असंही ओरडलो, सगळ्यांसमोर. ती खुर्ची वळवून माझ्यासमोर आली. हळू बोलली, पण शेड रिकामी आहे, सगळ्यांना ऐकू गेलं. "भाऊ माझा चांगला आहे. कधी कुरकुरला नाही. पण त्याची पाठ दुखते का, हे विचारायला मी घाबरते. मला आता कोणी चांगलं माणूस नकोय. फळी खाली हवीय."

बाईंनी मला घरी पाठवलं. म्हणाल्या, "ही चूक सगळ्या घरांत गेली असती. मलाही दिसली नव्हती."

रागात चालत सुटलो आणि तू आठवलीस. आपल्या ओट्यावरची फळी दादाच्या उंचीची. तू खालून हाक मारायचीस, "अहो उंट, तो डबा द्या," आणि मी पुस्तक टाकून पळत यायचो. मला ते फार आवडायचं. एखादीला जीव लावायचा म्हणजे हेच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. दादा आणि मी घरी नसायचो तेव्हा तू स्टुलावर चढायचीस. एकदा पडलीस, मनगट सुजलं, आणि आपण स्टुलाचा पाय बदलला. फळी तिथेच राहिली.

काल सकाळी भोकावर प्लायचा तुकडा मारला. फळी मी स्वतः उतरवली, काकांना खुर्चीवर बसवून हात पोचतो तिथलं माप घेतलं आणि खाली लावली. ती आली. हात लांबवून डबा घेतला, ठेवला, परत घेतला. मग दाराशी गेली आणि आतून कडी लावली. आम्ही सगळे बाहेर. दहा मिनिटं गेली. काका मला कोपरानं ढोसत म्हणाले, "हाक मार की." मी मारली नाही.

कडी निघाली. ती बाईंना म्हणाली, "चालेल. हेच द्या सगळ्यांना." माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे लाल होते तिचे. माझं काय झालं ते विचारू नकोस.

पुढच्या रविवारी घरी येतो, ड्रिल घेऊन. दादा दारात उभा राहिला तर त्याला सांग, भांडायला आलो नाही, एक फळी उतरवायची आहे. माप तुझं घेईन.

यापुढे हाक मारायची गरज न पडो, तरी कधी मारलीस तर येईन.

तुझा,
उंट