एस्नार्टची मासळी

१७ सप्टें. २००६, रवि.
मंडळाची मीटिंग, अध्यक्षीणबाई कुमुदकाकूंच्या बेसमेंटमध्ये. गणपतीचे पैसे उरलेत. ते आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यातल्या बायकांना धंद्यासाठी कर्जाऊ द्यायचे, हे मागेच ठरलेलं. कल्पना माझीच. पाच जणींचा गट, एकमेकींना जामीन. पहिलीनं फेडलं की बाकी चौघींना मिळणार. पहिली एस्नार्ट. तिचा अर्ज वाचून दाखवला: सरोवराकाठी मासळी घेणार, वाळवणार, बाजारात विकणार.
मग काकू: "अगं वसुधा, गणपतीचे पैसे आहेत ते. त्यातून मासळी?"
कुणीतरी म्हणालं, शिलाई मशीन देऊ या. सगळ्यांच्या माना डोलल्या. बाईचं भलं करायचं म्हटलं की आपल्याला शिलाई मशीनच आठवतं. तिला शिवता येतं का, कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी सेक्रेटरी. मिठाची गुळणी धरून बसले आणि मिनिट्समध्ये 'एकमताने' लिहिलं.

१९ सप्टें.
अर्जातलं 'मासळी' काढून 'शिवणकाम' टाकलं. तिथलं काम ग्रेस बघते, तिला मेल केला. तिचं एका ओळीचं उत्तर: एस्नार्टला शिवता येत नाही, पण मिळेल ते ती घेईल. काकूंना फोनवर वाचून दाखवलं. "शिकेल की," म्हणाल्या.
आईनं वेंगुर्ल्याच्या बाजारात सुकट विकून मला इंजिनियर केलं. इथे हे फक्त नवऱ्याला, महेशला माहीत. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही. सासर राहिलं पुण्यात, मी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, आणि अठरा वर्षं तोंड बंद. कुणाच्या भीतीनं?

२१ ऑक्टो., शनि.
मंडळाची दिवाळी. मशीनचा फोटो स्क्रीनवर. एस्नार्ट शेजारी अंग चोरून उभी, दुसऱ्याच्या गाडीजवळ फोटो काढताना माणूस उभं राहतं तशी. टाळ्या. मीही वाजवल्या.

१४ जाने. २००७, रवि.
ग्रेसचा मेल! एस्नार्टनं मशीन बाजारातल्या शिंप्याला भाड्यानं दिलं. आलेल्या भाड्यातून मासळी घेतली, वाळवली, विकली. चार महिन्यांचं कर्ज पुरतं फेडलं, तेही मुदतीच्या आठवडाभर आधी. सोबत फोटो. बांबूच्या मांडवभर मासळी पसरलेली आणि ही पुढे उभी, हात कमरेवर. हसतेय.
माझी आई अशीच उभी राहायची.
आनंदाच्या भरात फोटो सगळ्या कमिटीला पाठवून दिला. मूर्ख मी.

१६ जाने.
काकूंचा फोन. "फसवलं बघ आपल्याला तिनं."
"पैसे सगळे परत आलेत, काकू."
"प्रश्न पैशांचा नाही गं, विश्वासाचा आहे. सांगितलं एक, केलं एक. पुढचं सगळं कॅन्सल करायचं. लेटर तू ड्राफ्ट कर, तुझं इंग्लिश चांगलं आहे."
तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र "बरं, काकू." मलाच माझी चीड आली.
सांगितलं एक, केलं एक. तिनं पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं. खोटं आपण लिहिलं. मी लिहिलं, या हातानं.

१९ जाने.
ग्रेसला विचारलं, बाकी चौघींचं काय? एकीवर ठपका आला की सगळा गट मोडतो म्हणे. आणि फेब्रुवारीअखेर पैसे मिळाले नाहीत तर हंगाम हुकला. त्यातली एक तर पीठ विकणार आहे. मासळीशी तिचा काडीचा संबंध नाही. तिला कसली शिक्षा?

२७ जाने.
लेटर 'कळवण्यास खेद होतो' इथपर्यंत आलं. पुढे हात चालेना. ऋचा मागे उभी राहून वाचत होती. पंधरा वर्षांची आहे, काही सोडत नाही.
"ममा, डिड शी स्टील इट?"
नाही.
"देन व्हॉट डिड शी डू?"
मासळी विकली.
"सो?"
महेश पेपरातून मान वर न करता, "जाऊ दे ना यार. मंडळात वाईटपणा कशाला घ्यायचा?" त्याच्यावर ओरडले, चांगलं घसा ताणून. खरं तर सप्टेंबरात ओरडायला हवं होतं, त्या बेसमेंटमध्ये.
मग ऋचाला तिच्या आजीचं सगळं सांगितलं. टोपली, बाजार, माझी फी. "व्हाय इज दॅट अ सीक्रेट?"

३ फेब्रु., शनि.
उद्या फुटबॉलची फायनल म्हणून मीटिंग आजच, चार वाजता. लेटर फाडलं. ठराव टाइप केला: चौघींना पैसे द्यावेत, त्या मागतील त्याच धंद्यासाठी. सोबत एस्नार्टचा मूळ अर्ज, एक शब्द न बदलता. आणि आईचं मी स्वतः उभं राहून सांगणार. नऊ जणींची कमिटी, पाच मतं लागतील. माझं एक. बाकीची माहीत नाहीत.
सकाळी चायनीज दुकानातून सुकट आणली आणि तव्यावर भाजली. या घरात पहिल्यांदाच. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, खिडकी उघडायची सोय नाही. महेश गॅरेजमध्ये जाऊन बसलाय. ऋचानं दोनदा वाढून घेतली. वास पडद्यांना लागलाय, सोफ्याला लागलाय, दाराशी टांगलेल्या माझ्या लांब कोटाला तर भरपूर.
"ममा, युअर कोट."
माहीत आहे. कपाटात दुसरा आहे, ड्रायक्लीन केलेला.
पावणेचार. निघते. हाच घालून.