पुढच्या सीटचा कापूस

२० एप्रिल, शनिवार

पोचले बाई एकदाची. शिंदखेड्याकडून धुळे, धुळ्याहून जळगाव, दोन एसट्या आणि एक रिक्षा, आणि मांडीवर कापसाचं हे एवढं बोचकं. कंडक्टर म्हणाला, अक्का, या बोचक्याचंही तिकीट लागेल. मी म्हटलं, लाव, पण मग त्याला खिडकीजवळ बसव. बठ्ठी एसटी हसली, सगळीच्या सगळी.

मी सांगते आहे आणि माझी नात मयुरी लिहिते आहे. मला अक्षर येत नाही. शाळेच्या वयात मी म्हशींमागे होते. म्हशींनी पुष्कळ शिकवलं, पण लिहिणं त्यांनाही येत नव्हतं. मयुरी म्हणते, आजी, तुझं बोलणं वाया जातं, रोज चहाच्या वेळी सांगत जा, मी वहीत उतरवते. माझ्या अहिराणीला ती इस्त्री करते. करू दे.

घर मेहरूणमध्ये, तलावापासून चार गल्ल्या आत. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याखाली माझ्या योगराजची गाडी. पांढरी मारुती आठशे, मयुरीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. योगराज माझा एकुलता एक. मागच्या वर्षी होळीला कापसाच्या भरल्या ट्रकवरून पडला आणि कंबरेखालचं सगळं लुळं पडलं. सून ज्योत्स्ना इथे शाळेत नोकरीला, पोरीची परीक्षा, म्हणून मी त्याला गावी नेलं. आठ महिने गादीवर होता. दिवाळीनंतर गेला. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांची भरतात तशी त्याची पहिली घागर भरायची, म्हणून मी आले. सुनेनं बजावलं आहे की आता परत जायचं नाही. ती रागीट आहे, पण भाकरी पातळ करते. जमेल आमचं.

इथे मयुरीचा पेन थांबला. मी म्हटलं, लिही गं, बापाचं नाव आहे, चावत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

मयुरीला वरणगावच्या एका औषधांच्या दुकानात नोकरी लागली. दोन मेपासून जायचं, बापाच्या गाडीनं. गाडी चालते, पण सीट म्हणजे उंदरांची धर्मशाळा. म्हणून आज हिलाल मिस्त्री घरीच आला. वय पन्नास, मिशी लाल, बोलणं तिखट. मी विचारलं, भाऊ, मिशीला गंज चढला का? म्हणाला, अक्का, मेंदी आहे. मी म्हटलं, मग लग्न कधी?

सीट काढायची म्हणजे चार बोल्ट. तीन निघाले, चौथा काही हलेना. हिलालनं त्यावर तेल सोडलं आणि चहा प्याला. मग बोल्ट कुरकुरला आणि सुटला. दोन्ही सीट अंगणात उताण्या पडल्या, पाय वर केलेल्या शेळ्यांसारख्या. खाली बोराच्या बिया, एक शिट्टी आणि योगराजचा कंगवा. कंगव्यात केस होते. ज्योत्स्नानं तो पदरात घेतला आणि आत गेली. बराच वेळ भांडी घासत होती. भांडी सकाळीच घासलेली होती.

२६ एप्रिल, शुक्रवार

हिलालनं जुनी कव्हरं उसवली. आतला फोम हातात घेतला की पिठासारखा सांडत होता. लोखंडी सांगाडा घासून रंगवला, तारांची जाळी नवी ताणली, वर गोणपाट शिवलं. आता नवा फोम टाकतो म्हणाला. मी म्हटलं, आपल्या उन्हात फोमवर माणूस भाजतं. कापूस भर. तो हसला, अक्का, गाडीत बसतात, झोपत नाहीत. मीही हटले नाही. चालवणाऱ्याच्या सीटमध्ये तरी कापूसच, आणि तोही माझ्या बोचक्यातला.

त्यानं बोचकं सोडलं, मूठभर कापूस पिंजला, नाकाला लावला. पिवळा पडलाय, म्हणाला. कोणाच्या गादीचा तर नाही ना? मेलेल्या माणसाच्या गादीचा कापूस आम्ही भरत नाही. मी म्हटलं, कोठीतला आहे, घरच्या शेतातला, या हातांनी वेचलेला. शेतातला आहे हे खरंच आहे.

मयुरी विचारते, आजी, तुझा आवाज का बसला. उन्हानं, म्हटलं.

२९ एप्रिल, सोमवार

सीट बसल्या. चॉकलेटी रेक्झिन, पांढरी शिवण, नवरीसारख्या दिसतात. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी गाडीत जाऊन बसले, चालवणाऱ्याच्या शेजारी. कडुनिंबाची सावली होती. रिकाम्या सीटवर हात ठेवला. ऊब होती. उन्हाची असेल. पण गाडी सावलीत होती.

फार दिवसांनी बरं वाटलं. सुनेनं विचारलं, गाडीत काय करत होतात? म्हटलं, मुंबईला जाऊन आले.

२ मे, गुरुवार

पोर पहिल्या दिवशी कामावर जाऊन आली. म्हणते, आजी, सीट अशी आहे की कोणीतरी मागून धरून ठेवलंय. मग म्हणाली, पाठ मात्र दुखते, कंबरेच्या वर, एकाच जागी.

मी जाऊन पाहिलं. सीटला खड्डा पडला आहे. रुंद, खोल, डाव्या अंगाला कललेला. हिलालला फोन लावला. तो म्हणाला, कापूस आहे, बसणारच. पण माझी नात काडी आहे. तिच्या वजनानं उशीसुद्धा दबत नाही.

५ मे, रविवार

आज मयुरी लिहीत नाही. मी मोबाइलला सांगते आहे. लाल ठिपका दाबायचा आणि बोलायचं, तिनंच शिकवलं. तिला सांगता येण्यासारखं हे नाही.

माणूस ज्या गादीवर जातो ती गादी आमच्याकडे त्याच्याबरोबर नदीवर जाते, तिथे जाळतात. घरात ठेवत नाहीत. योगराजची गादी मीच शिवलेली, माझ्याच कपाशीची. त्या सकाळी बाया बाहेर रडत होत्या तेव्हा मी आत खोळ उसवली. कापूस कोठीत लपवला, खोळीत जुनी लुगडी कोंबली. नदीवर लुगडी गेली. माझा मुलगा त्या कापसात आठ महिने होता. त्याचा घाम त्यात होता. तो कसा टाकून देऊ? आणि मग वाटलं, पोरगी बापाच्या गाडीत बसेल, तर बापाच्या मांडीवर बसेल.

आता खरं सांगते. दुपारी गेले तेव्हा सीट वर-खाली होत होती. श्वासासारखी. खड्डा डावीकडे कललेला आहे, कारण तो डावीकडेच कलायचा. कंबरेच्या वर, जिथे त्याला पडून पडून जखम झाली होती, तिथे रेक्झिन ओलं होतं. मी पदरानं पुसलं. पदराला कडुनिंबाच्या तेलाचा वास आला. तेच मी लावायची.

घाबरले नाही. देवा, आनंद झाला मला. तासभर बोलत बसले त्याच्याशी. शेजारच्या मंदाबाईनं कुंपणावरून विचारलं, कोणाशी बोलता? म्हटलं, फोनवर.

७ मे, मंगळवार

आजही मोबाइललाच सांगते आहे. मयुरी आज भुसावळच्या अलीकडे एका ट्रॅक्टरला धडकता धडकता वाचली. ब्रेकवर पाय गेलाच नाही म्हणते. पाय होता, पण तिचा नव्हता. डॉक्टरनं फोटो काढला. मणके स्वच्छ आहेत म्हणाला, आराम कर. संध्याकाळी ती उंबऱ्याला अडखळली. मी चेष्टा केली, नवी चाल शिकतेस का. ती हसली नाही. मीही नाही.

तिचा तळवा चोळला. थंड. मी ही थंडी ओळखते —

८ मे, बुधवार

दोन्ही पाय. पोर खाटेवर आहे. ज्योत्स्ना फोनावर फोन करते आहे, उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणते.

दुपारी पोरीचा डोळा लागला होता. मी उशाशी होते. झोपेतच म्हणाली, माय, मनी पाठ दुखी राह्यनी.

ती मला आजी म्हणते. तिला अहिराणी येत नाही. तिच्या आईनं येऊ दिली नाही.

आवाज तिचाच होता. पण दम लागून थांबणं — ‘पाठ’ म्हटल्यावर थांबणं — ते त्याचं.

तो आरामात नाही. मला वाटलं होतं मी त्याला जवळ ठेवलं. मी त्याला त्या दुखण्यात ठेवलं. सहा महिने. कोठीत, अंधारात, बोचक्यात. आणि आता तो जवळ जे मिळालं ते धरतो आहे.

९ मे, गुरुवार

हिलालला बोलावलं, खरं सांगितलं. त्यानं कानाला हात लावले. अक्का, मी विचारलं होतं, म्हणाला. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरी बिचारा बसला उसवायला. शिवणीत आरीचं टोक घातलं आणि —

घरातून पोर किंचाळली.

ज्योत्स्ना धावत बाहेर आली. मयुरीच्या पाठीवर आरीच्या टोकाएवढं भोक, रक्त. हिलालनं आरी टाकली. पुन्हा उचलली नाही. पिशवी तिथेच सोडून गेला.

सुनेला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही. खाली बसली. म्हणाली, आई, मला त्याचा एक कंगवा मिळाला, आणि तुम्ही सगळाच ठेवून घेतलात?

मी पदरानं तिच्या हाताला लागलेलं पोरीचं रक्त पुसलं.

पोरीला हलवायला गेलो तर गाडीपासून जितकं दूर, तितकी ती कळवळते. गेटापर्यंतही नाही नेता आलं. रिक्षा परत पाठवली.

१० मे, शुक्रवार. आखाजी

सकाळी घागर भरली. त्याचं नाव घेतलं. आगारीच्या, पितरांना घास देतात त्या निखाऱ्यावर घास टाकला. कावळा आला नाही. कसा येईल — ज्याच्यासाठी भरली तो नदीवर गेलाच नव्हता.

आता अकरा वाजलेत, ऊन आहे. मी गाडीत आहे. मोबाइल समोर काचेपाशी ठेवलाय. निखाऱ्याची पाटी गाडीच्या दाराशी. ज्योत्स्ना आत पोरीचे पाय धरून बसली आहे.

आरी नाही. कात्री नाही. नखांनी सोडवते आहे, एकेक टाका. आधी हात फिरवते, मग टाका. योगराज, कळ नाही येणार बाळा. पोर ओरडत नाही. ऐका — ओरडत नाही.

उघडली शिवण.

पहिली मूठ. गरम आहे. ओली आहे. निखाऱ्यावर — जा माझ्या राजा.

आतून सून ओरडते, अंगठा हलला.

दुसरी. तिसरी. तो रडतो आहे. पुरुष माणूस, मिशा आलेला, रडतो आहे. मीच लावली रे सवय.

सून म्हणते, टाच. म्हणते, पोर रडते आहे, पाय दुखतात म्हणून रडते आहे! दुखू दे. दुखणं चांगलं.

किती मुठी झाल्या — जाळी दिसायला लागली.

पोर उभी आहे. घराच्या दारात. माझी मयुरी. आईला धरून, पण उभी. तिकडेच थांब गं. इकडे येऊ नको. आजी म्हणाली ना, आजी म्हणाली! मला आजी —

एक मूठ राहिली.

टाकते. टाकते ना.

बोट धरलंय त्यानं. कापसातून. लहानपणी धरायचा तसं नाही, शेवटी धरायचा तसं. तासातासाला त्याला कुशीवर वळवायचे, तेव्हा भीतीनं धरायचा, पडेन म्हणून. माय, सोडू नको. मी म्हणायची, नाही सोडत.

सून ओरडते आहे, आई, टाका.

पोरगी सुटली ना? चालतेय ना? मग झालं. एवढीशी मूठ. ही कोणाच्या सीटमध्ये नाही घालणार. ही माझ्याजवळ. चोळीत. इथे. कोणाला दिसणार नाही.

हां. आता थंड लागतंय तळव्यांना. म्हातारीचे पाय, तसेही कुठे जायचेत —

काय रे? कुशीवर? करते. थांब, जरा हात खाली घालू दे. पाय माझे हलत नाहीत, नुसत्या हातांनी — धर मला. धर. अरे एवढं घट्ट नाही, योगराज, श्वास —